बिनचुन्याचं पान

बाजाराच्या दिवशी कॉंग फिदालिया चुलीपाशी असली की तिच्याशी फालतू बोलायचं नाही, हे शिलाँगच्या इयेवदु बाजारातल्या हमालांनासुद्धा ठाऊक होतं. अरुंद बोळ, दोन्ही अंगांना बायकांचीच दुकानं, पायाखाली कोबीची पानं आणि चिखल, आणि मधोमध साऱ्या बाजाराच्या या कॉंगची, म्हणजे थोरल्या ताईची, खानावळ. तीन बाकडी, एक भलंमोठं पातेलं, पातेल्यात डुकराच्या मटणात शिजलेला जादोह भात. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, पण झारा काही तिनं दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता.

तिची लेक मेबान मोबाइल पुढे धरून उभी राहिली, तेव्हा कॉंगनं मानही वर केली नाही.

"आता कुणाचं लग्न मोडलं?"

"मेई, बघ तरी. एक विकायला आलीय."

झारा थांबला. कॉंगनं हात जायन्सेमच्या सोग्याला पुसले आणि मोबाइल हातात घेतला. फोटोत एक जुनी तपकिरी बास गिटार होती. मान मोडलेली, डोकं एका फाकेवर लोंबतंय, दोन खुंट्या गायब. अंग पाण्यानं फुगून रंगाचे पापुद्रे सुटलेले. आणि वरच्या खांद्यावर एक काळपट वर्तुळ.

"मोठं कर. अजून. ते डोकं नको मला, ते वर्तुळ दाखव."

"डाग आहे तो. कशाचाही असेल."

"किटलीचा आहे. माझ्या किटलीचा. पलंगावर ही बाई ऐसपैस पसरलेली, चहा ठेवायला जागा नाही. ठेवली हिच्यावरच. आठवडाभर बोलला नव्हता माझ्याशी."

"जगात किटली काय एकट्या तुझ्याकडे होती?"

"तू पैसे पाठव. तोंड मग चालव."

तो म्हणजे शेमबोर, कॉंगचा धाकटा भाऊ. जाडजूड बोटं, नखं कुरतडून कुरतडून पार मुळाशी गेलेली. पण ती बोटं त्या चार तारांवर पडली की सभागृहातल्या पोरी खुर्च्या सोडून उभ्या राहायच्या. चाळीसेक वर्षांपूर्वी नव्या वर्षाच्या नाचाला वाजवायला म्हणून तो डोंगर उतरून खाली सपाटीवरच्या चहाच्या मळ्यावर गेला. नदी ओलांडताना धुक्यात नाव उलटली. बरोबरचे पोहून काठाला लागले. त्यांनी सांगितलं, शेमबोरनं बास सोडली असती तर तोही वाचला असता. ना तो सापडला, ना बास.

खासी माणसाचं घर धाकट्या लेकीला जातं. घराबरोबर चूल येते, आणि चुलीबरोबर मेलेलेही येतात. तिच्या जायाव वस्तीच्या उतारावरची निम्मी घरं चर्चला जायला लागली, पण कॉंगचं घर जुन्या धर्मावरच राहिलं. कुळाच्या गावी टेकडीवर दगडी कोठी होती. चितेतून उरलेली हाडं त्या कोठीत सगळ्यांबरोबर ठेवायची. कॉंगची आई तिथं होती, मावश्या होत्या, मामा होते. शेमबोर नव्हता. आपण मेल्यावर त्या कोठीत आई पहिलं विचारील, धाकट्याला कुठं ठेवून आलीस? त्याला काय उत्तर द्यायचं, हे कॉंगला सुचत नव्हतं. उत्तर सुचत नाही अशी तिच्या आयुष्यात ती एकच गोष्ट.

हाडं नाहीत तर त्याची बास तरी कोठीत ठेवायची, म्हणून मेबानला हुकूम होता, विकायला निघालेली प्रत्येक जुनी बास बघायची. आणि म्हणूनच शेमबोर गेल्यापासून घराच्या दाराला आतून कडी लागली नव्हती. आलाच तर त्याला दार ठोठावत बसायला लागू नये. ती सरकती लोखंडी कडी उघडी राहून राहून जागच्या जागी गंजून बसली. मेबाननं एकदा चोरांच्या भीतीनं तिच्यात तेल ओतलं, दगडानं ठोकली. केसभरही हलली नाही.

*

पार्सल गुवाहाटीकडून आलं. विकणाऱ्यानं इतकंच कळवलं होतं, की नदीकाठच्या एका माणसाकडून घेतली, बाकी मला काही माहीत नाही. पुठ्ठा उघडायला कॉंगनं मावलाईहून कॉर्डोरला बोलावून घेतलं. कॉर्डोर गिटारी दुरुस्त करायचा. साठीतला माणूस, पांढऱ्या केसांची शेपटी पाठीवर, तरुणपणी मोडलेल्या आपल्या बँडच्या गोष्टी सांगताना अजून कंबर हलवायचा.

कॉंगनं तबक पुढे ठेवलं. अर्धी ओली सुपारी, चुना लावून दुमडलेलं पान. क्वाय घेतल्याशिवाय खासी घरात पाहुणा पाहुणा होत नाही. कॉर्डोरनं आपली उचलली, आणि मोठ्या ऐटीत दुसरी मेबानपुढे धरली. कॉंगनं फाडकन त्याच्या हातावर चापट मारली.

"घर तुझं की माझं? या घरात क्वाय मी देते. पाहुण्यानं हात पुढे करायचा तो घ्यायला."

"चुकलो, कॉंग. आम्ही मावलाईचे जरा सुधारलोय."

"सुधारलात म्हणूनच केस बायकांसारखे वाढवलेत ना?"

मेबान हसली. कॉर्डोरही हसला आणि हसत हसत त्यानं बास उचलली. तिच्या पोटातून वाळू सांडली. पांढरी, पिठासारखी बारीक.

"आपल्या डोंगरातली नाही ही," तो म्हणाला.

त्यानं बास आडवी केली, हलवली. वाळू येतच राहिली. बास भरीव लाकडाची. आत तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांपुरती मूठभर खाच. त्या खाचेतून आलेल्या वाळूनं मेबानची सुपली भरली, मग बादलीच्या तळाशी थर बसला. शेवटी कॉर्डोरनं बास भिंतीला टेकवून ठेवली आणि हात झटकले. त्याचं हसू कधी गेलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग चष्मा लावून तो तारांखालचं लाकूड बोटानं चाचपत राहिला.

"कॉंग, शेमबोरदादांना मी ऐकलंय. पहिल्या रांगेत उभा राहून. बोटांच्या मऊ शेंड्यांनी वाजवायचे. वाजवणाऱ्याची खूण लाकडावर राहते बघ. इथं चर पडलाय. अंगठ्याचं नख वाढवून वाजवलं की असा पडतो."

"चाळीस वर्षं पाण्यात होती. मासे टोचले असतील."

"मासे एका रेघेत टोचत नाहीत."

"तू लाकूड जोड. वंशावळ मी बघते."

"बरं बाई. हा वरचा डाग तरी घासून काढू?"

"त्या डागाला हात लावलास तर हात मोडून ठेवीन. तो माझा आहे."

गंजलेल्या जुन्या तारा कॉर्डोरनं काढल्या आणि फेकायला निघाला. कॉंगनं त्या त्याच्या हातातून काढून घेतल्या. त्या काळी शिलाँगात बासच्या तारा मिळायच्या नाहीत. शेमबोर जुन्याच तारा तिच्या भाताच्या पातेल्यात उकळायचा. मळ निघाला की त्या पुन्हा खणखणीत वाजायच्या, आणि कॉंग पातेलं घासत त्याच्या सात पिढ्या काढायची. तिच्याच त्या पिढ्या, हे तिला मागाहून आठवायचं.

संध्याकाळी तिनं त्या तारा पातेल्यात टाकल्या. पाणी तांबडं झालं. घरभर वास सुटला, चिखलाचा, शेवाळाचा, मोठ्या संथ नदीचा. कॉंगनं खिडकी उघडली नाही. वेटोळं करून तारा फडक्यात बांधल्या आणि उशाशी ठेवल्या.

*

दुरुस्ती चांगलीच रेंगाळली. बाजार आटोपला की कॉंग शाल गुंडाळून उतार उतरायची, उमख्रा ओढ्यावरचा पूल ओलांडून मावलाईची चढण चढायची आणि कॉर्डोरच्या कारखान्यात वेताच्या बुटक्या मोड्यावर ठाण मांडायची. देवदाराच्या भुशाचा वास, कोळशाची शेगडी, भिंतीवर मान नसलेल्या गिटारी टांगलेल्या.

कॉर्डोरनं मोडलेल्या मानेत लाकडाची पट्टी बसवली, सरस भरला, दोन्ही बाजूंनी शिकंजे आवळले. सकाळी पाहतो तो सरस दह्यासारखा मऊ, आणि बासखालची फळी ओली. छप्पर गळत नव्हतं. त्यानं शेगडी जवळ ओढली, नवा सरस केला, पुन्हा आवळलं. पुन्हा तेच.

"याला जुळायचं नाहीये, कॉंग. पाच-पंचवीस माना जोडल्यात मी या हातांनी. असं कधी झालं नाही. हिला जायचंय तिकडे जाऊ दे."

"कुठं?"

कॉर्डोर शिकंजे सैल करायला लागला.

"तो मोडकी बास घेऊन घरी यायचा नाही. लाजेल," कॉंग म्हणाली. "भारी नखरेल होता. एक बटण तुटलं तरी बाहेर पडायचा नाही. तू भर सरस. मी बसते इथं."

दुसऱ्या दिवशी तिनं खानावळ मेबानवर सोपवली, आणि तिच्या उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं. उजाडल्यापासून ती मोडा ओढून बासशेजारी बसली. एक हात शिकंज्यावर, दुसऱ्या हातात चहा. मधूनमधून पुटपुटायची. कॉर्डोरला वाटलं मंत्र असतील. कान देऊन ऐकलं तर ती भावाला झापत होती. फार झाले चोचले, गप जागेवर राहा, आई वाट बघतेय.

लाकडातून बारीक थरथर हाताला लागायची. खाली रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला की लागते तशी. त्या दिवशी मावलाईत बंद होता. एकही ट्रक नव्हता.

जोड धरला.

कॉर्डोरनं दुसऱ्या एका मेलेल्या गिटारीच्या खुंट्या बसवल्या, घोडी घासली, नव्या तारा चढवल्या, आवाज मोठा करणाऱ्या एका छोट्या पेटीला वायर जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागला. फळीवरचे पेले किणकिणले. उतारावरची कुत्री भुंकायची थांबली. आवाज फिरत राहिला, लांबत राहिला, आणि मध्येच तुटला. वाजती तार बंद करायला वाजवणारा तिच्यावर तळहात ठेवतो, तसा.

कॉर्डोरचे दोन्ही हात हवेत होते.

"मी नाही थांबवली," तो म्हणाला.

"मग छान. त्यालाही आवडली म्हणायची," कॉंग म्हणाली. "चल, पाठीवर घे. आजच न्यायची."

"आजच ने," कॉर्डोर म्हणाला. "मी कुठं नको म्हणतोय."

*

मेलेल्याला घरी आणताना वाटेत पाणी लागलं तर काठापासून काठापर्यंत दोरा बांधतात. मेलेल्याला पाणी ओलांडता येत नाही, तो दोऱ्यावरून येतो. दोरा सुताचा असतो. काठावर उभं राहून आधी कुळाचं नाव घ्यायचं, मग माणसाचं. म्हणजे ज्याचं बोलावणं त्यालाच कळतं, आणि वाटेवरचे बाकीचे आपल्या वाटेनं जातात. हे सगळं कॉंगला आईनं शिकवलं होतं, आणि तिनं ते दोन मामांसाठी आपल्या हातांनी केलं होतं.

उमख्राचं पाणी काळं, प्लास्टिकनं भरलेलं. पूल ओलांडून घराकडच्या काठाला, जरा वर जिथं पात्र अरुंद होतं, तिथं ती थांबली. फडक्यातून तिनं उकळलेल्या तारा काढल्या आणि एकीला एक गाठ मारून जोडल्या.

"सूत नाही आणलं?" कॉर्डोरनं विचारलं.

"सूत कशाला? त्याच्याच तारा आहेत. त्याला सुतापेक्षा ओळखीच्या."

एक टोक झुडपाला बांधलं. दगडांवर पाय देत कॉर्डोर पलीकडे गेला, दुसरं टोक तिकडच्या खडकाला अडकवून, बास सांभाळत परत आला.

"आता नाव घे, कॉंग."

खरं तर तेवढंच राहिलं होतं. पण त्या नखाची गोष्ट कॉंगच्या मनात कुसळासारखी रुतली होती. हा शेपटीवाला मला सांगणार, माझा भाऊ कोणता ते? तिनं कमरेवर हात ठेवले.

"ज्याच्या या तारा," ती मोठ्यानं म्हणाली, "ज्याची ही बास, त्यानं माझ्या घरी यावं. आता कळू दे नख कुणाचं होतं ते."

"अगं, शेमबोरदादांचं नाव…"

"त्याचीच आहे. नाव कशाला लागतंय?"

वारा नव्हता. पाण्यावर धुकं होतं. तार मधोमध वाकली, कुणी तिच्यावर भार द्यावा तशी. तो वाक हळूहळू त्यांच्या काठाकडे सरकत आला. मग तार एकदम वर आली आणि ताठ झाली.

कॉर्डोर बास पाठीवर घेऊन उतार चढला, घराच्या उंबऱ्यापाशी ठेवली, आणि क्वाय न घेताच गेला.

*

शेमबोरच्या पलंगाशेजारी एका मोड्यावर बास उभी राहिली. दिवेलागणीला कॉंगनं तिच्यापुढे तबक ठेवलं, भावाच्या आवडीचा चुना जाड लावला. शेमबोर चुना असा खायचा, की जीभ पोळायची. पान संपलं की चुन्याची डबी बोटानं खरवडून चाटायचा.

सकाळी सुपारी नव्हती. पानही नव्हतं. तबकाच्या कडेला चुना पुसून ठेवलेला होता.

"उंदीर असेल, मेई," मेबान म्हणाली.

"उंदीर चुना पुसून खातो?"

मेबान केरसुणी शोधायला गेली. कॉंगजवळ उत्तर तयार होतं. मेल्यावर माणसाच्या आवडी बदलत असतील. त्या सकाळी कित्येक वर्षांत नव्हती इतकी ती खुशीत होती. जादोहात मटणाचे तुकडे जास्त पडले, हमालांना शिव्या कमी.

दुसऱ्या दिवशीही चुना कडेला. तिसऱ्याही. जमिनीवर पांढरी वाळू दिसू लागली. आधी मोड्याभोवती, मग पलंगाखाली, मग चुलीपाशी, जिथं घरची माणसं बसतात तिथं. केरसुणीनं लोटली की पुन्हा यायची. पायाला ओली लागायची.

जाड तार अधूनमधून गुंजायची. कॉंगनं नीट पाहिलं. ट्रक गेला की ती गुंजत नव्हती. मेबान आत आली की गुंजायची. ती बाहेर पडली की कुणीतरी तळहात ठेवायचं.

चार दिवसांत मेबानची बॅग भरली गेली.

"मी लैतुमख्राला जातेय, मैत्रिणीकडे."

"धाकट्या लेकीनं चूल सोडून जायचं नसतं."

"ते त्याला सांग. मी आत आले की गुरगुरतं ते, मेई. जसं काही हे घर त्याचं आणि मीच परकी."

"मामा आहे तुझा."

"मामा असता तर मला क्वाय मागितली असती. घाबरवलं नसतं."

मेबान गेली. कॉंगनं तिच्या पाठमोऱ्या बॅगेला चार शब्द सुनावले आणि ओलं फडकं घेऊन बास पुसायला बसली. कुळाच्या गावी न्यायची तर लखलखीत न्यायची. मान पुसली, खुंट्या पुसल्या. खांद्यावरून फडकं फिरवलं, आणि फडक्याला तांबूस डाग लागला.

तिनं पुन्हा फिरवलं. वर्तुळाचा एक तुकडा नाहीसा झाला.

तिनं जोर दिला नाही. फडकं नुसतं टेकवलं, आणि उरलेलं वर्तुळही फडक्यावर आलं. नाकाशी नेलं तर लोखंडी गंजाचा वास. पाण्याच्या तळाशी कुठल्यातरी डब्याखाली, कड्याखाली पडून राहिल्यावर धरतो तसला. खालचं लाकूड सरळ होतं, एकसारखं तपकिरी. जळलेलं नव्हतं.

किटलीनं लाकूड जळतं. जळलेलं पुसलं जात नाही.

कॉंगनं फडकं बाजूला ठेवलं. मग तिचं लक्ष तारांखालच्या चराकडे गेलं. तिनं त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. चर लांबच लांब होता, आणि खोल.

*

दुसरी कुणी असती तर घर सोडून लेकीमागे पळाली असती. कॉंग फिदालियानं शाल घेतली.

आधी तिनं बास बाहेर काढायची ठरवली. कॉर्डोरनं एकट्यानं चढणीवर आणलेली ती बास तिला मोड्यावरून उचलता येईना. दोन्ही हातांनी ओढली. पाय रोवून ओढली. जमिनीत मूळ धरल्यासारखी ती जागेवर उभी होती.

"ऐक," कॉंग म्हणाली. ओरडली नाही. "तुला मी बोलावलं. नाकारत नाही. खाल्लंस, राहिलास. आज माझा भाऊ येणार आहे. तुझी माणसं कोण, तुझी नदी कुठली, ते उद्या शोधीन आणि तुला पोचवून देईन. मी शब्द दिला की दिला."

तार वाजली नाही.

ती बाजारातून सुताची गुंडी घेऊन आली आणि उमख्रावर गेली. गाठी मारलेल्या तारा अजून तिथंच होत्या. त्या कापून पाण्यात टाकल्या. सूत बांधलं. या वेळी तिनं आधी कुळाचं नाव घेतलं. मग आईचं. मग भावाचं.

"शेमबोर. चल घरी. पायरीवर क्वाय ठेवते. डबीभर चुना ठेवते. ओळख पटली की आत ये. दार उघडंच आहे."

सुताला काही झालं नाही. किंवा इतकं हळू झालं, की तिला कळलं नाही.

घरी येऊन तिनं दाराबाहेरच्या पायरीवर क्वाय ठेवली, काठोकाठ भरलेली चुन्याची डबी उघडून ठेवली. आतल्या पाहुण्यापुढेही तबक ठेवलं. बोलावलं ते बोलावलं, उपाशी ठेवायची तिची रीत नव्हती. दार लोटून घेतलं. मग दाराकडे तोंड करून चुलीशी बसली, पाय पोटाशी घेऊन.

जागी राहायचं तिनं ठरवलं होतं. विस्तवाच्या उबेनं डोळा लागला तो उजाडताना उघडला.

*

खिडकीच्या काचेवर दव होतं. तिनं तळव्यानं पुसलं.

पायरीवरची क्वाय नव्हती. चुन्याची डबी आडवी पडली होती. आतून चकाकत होती. बोटानं खरवडून खरवडून चाटलेली.

कॉंगनं काच पुन्हा पुसली आणि वाकून पाहिलं.

उतारावरून ओली पावलं वर आली होती. अनवाणी, रुंद, तिच्या आईच्या पावलांसारखी. दारापाशी ती एकात एक मिसळली होती. कुणी खूप वेळ एका जागी उभं राहून पाय बदलत राहावं तशी.

मग ती परत फिरली होती. उताराकडे. ओढ्याकडे.

ठोठावलं असेल. हाकही मारली असेल. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

पावलं अजून वाळली नव्हती. ती दाराकडे धावली आणि दार ओढलं.

उघडेना.

तिनं खाली पाहिलं. आतली कडी लागलेली होती.

चाळीस वर्षं जागची न हललेली कडी पार दुसऱ्या टोकापर्यंत सरकवलेली होती. तिच्या खाचेत पांढरी वाळू होती. ओली.

कॉंगनं बत्ता आणला. घाव घातला. आणखी घातला. चौकटीचा टवका उडाला, कडी नाही.

"माझा भाऊ आहे बाहेर," ती म्हणाली. "काढ."

मागे जाड तार गुंजली, आणि तिच्यावर कुणीतरी तळहात ठेवला.

कॉंग वळली.

बास मोड्यावर नव्हती. चुलीपाशी होती, भिंतीला टेकलेली, घरधनीण बसते त्या जागी. समोर पाहुण्याचा मोडा मांडून ठेवला होता.

मोड्यापुढे तबक होतं. तबकात एक क्वाय, आत्ताच कापलेली. सुपारीचा काप ओला होता. पान नीट दुमडलेलं होतं, त्याला चुना नव्हता. आणि तबक तिच्या बाजूला सरकवलेलं होतं.